नसलेल्या ड्राइव्हचा ताबा

बिलिंग विभागाच्या प्रमुखांना सगळं हॉस्पिटल कुलूपसाहेब म्हणत असे, अर्थात पाठीमागे. नाव उगाच पडलं नव्हतं. विभागातलं पंचिंग मशीन, एसीचा रिमोट, धार असलेली एकमेव कात्री, इतकंच काय, भिंतीवरच्या घड्याळाचे सेलसुद्धा त्यांच्या कपाटात कुलूपबंद असत. घड्याळ त्यामुळे बंद होतं, पण सेल सुरक्षित होते. कुणी काही मागायला आलं की साहेब आधी त्याच्याकडे नखशिखांत पाहत आणि मग विचारत, "परत कधी देणार?" हा प्रश्न ते टाचणीसाठीही विचारत. स्वतः मात्र त्यांनी दुसऱ्या विभागातून आणलेली वस्तू परत केल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं.

अशा माणसाच्या हाती कुलपाशिवाय अडवून ठेवता येईल अशी वस्तू आली, तर तो काय करेल? तेच झालं.

हॉस्पिटलच्या तळघरात एकच मोठा सर्व्हर होता. त्याच्या पोटात भिंती घालून हिस्से पाडले होते. एक यजमान हिस्सा आणि त्याच्या जिवावर राहणारे तीन पाहुणे हिस्से, म्हणजे बिलिंग, लॅब आणि औषधभांडार. प्रत्येक पाहुण्याला वाटे की आपला संसार वेगळा आहे, पण डिस्क, वीज, पंखा सगळं यजमानाचं. पूर्वी नवा प्रोग्राम चढवायचा तर खरीखुरी सीडी खऱ्याखुऱ्या ड्राइव्हमध्ये घालावी लागे. तो ड्राइव्ह कधीच भंगारात गेला. आता सगळ्या सीड्यांच्या नकला यजमानाकडे ठेवलेल्या होत्या आणि पाहुण्यांना त्या वाचता याव्यात म्हणून यजमानाने एक आभासी ड्राइव्ह पुढे केला होता. बोटाने दाखवावं असं काही नव्हतंच. पडद्यावर त्याचं नाव दिसे, एवढंच. फक्त एक अट होती. तो एका वेळी एकाच पाहुण्याने उघडायचा. एकाने उघडून धरला की बाकीच्यांना 'वापरात आहे' एवढंच उत्तर मिळायचं. काम झालं की सोडून द्यायचा, दोन बटणांचं काम.

सुरुवातीला हे सुरळीत चाललं. कुणी सोडायला विसरलं तर तळघरातल्या सर्व्हरवाल्या बाई यजमानाकडून तो काढून घेत आणि पुढच्याला देत. एकदा मात्र त्यांनी तो बिलिंगकडून काढून घेतला आणि लॅबला दिला, आणि कुलूपसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. काढून घेतला याचं दुःख होतंच. पण लॅबला दिला, हे त्यांच्या फार वर्मी लागलं.

कारण लॅबचे प्रमुख त्यांचे साडू होते.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली कुलूपसाहेबांची, धाकटी डॉक्टरांची. घरात कुणी पाहुणं आलं की सासरे ओळख करून देत, "हे आमचे डॉक्टर जावई. आणि हे... हेही तिथंच असतात." हे वाक्य कुलूपसाहेब वीस वर्षं ऐकत होते. साडू बिचारा दर वेळी घाईघाईने म्हणे, "भाऊंमुळेच तर हॉस्पिटल चालतं." त्याचा कुलूपसाहेबांना जास्तच राग येई. कीव करून घेण्यापेक्षा अपमान परवडला, असं त्यांचं मत होतं.

तर ड्राइव्ह काढून घेतल्यावर त्यांनी व्यवस्थापन समितीपुढे इतकं रान उठवलं की समितीने कंटाळून नियम करून टाकला. ड्राइव्ह ज्या विभागाकडे असेल, तो विभाग सोडेपर्यंत त्याचाच. यजमानाकडून कुणी काढून घ्यायचा नाही. सर्व्हरवाल्या बाईंना लेखी समज मिळाली. साडूंनी तेव्हा साधा उपाय सुचवला होता. आभासीच आहे ना, मग लॅबसाठी दुसरा बनवा, दहा मिनिटांचं काम आहे. कुलूपसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "आज लॅबला दिला, उद्या शवागार मागेल." याचा कुणालाच काही अर्थ लागला नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच रात्री साहेबांनी फोनवर साडूंचा नंबर ब्लॉक केला.

एवढ्यावर थांबले असते तर ते कुलूपसाहेब कसले? कुणीतरी फोनवर त्यांच्या आवाजाची नक्कल करून एकदा कपाटातलं पंचिंग मशीन बाहेर काढलं होतं. तेव्हापासून विभागात आणखी एक नियम होता. साहेबांच्या ताब्यातली कुठलीही गोष्ट सोडायची तर साहेबांनी जातीने यायचं आणि स्वतःच्या हाताने पासवर्ड टाकायचा. फोनवरचा शब्द चालणार नाही. या नियमाचा त्यांना विशेष अभिमान होता.

आणि मग त्यांच्या मानेला गाठ आली.

दाढी करताना हाताला लागली. आधी त्यांनी ती नाही असंच धरलं. कुलूपसाहेबांना नको असलेल्या गोष्टींकडे ते तसंच पाहत. पण ती होती. हॉस्पिटलातल्याच सर्जनने दाबून पाहिली, चेहरा कोरा ठेवला आणि तुकडा काढून तपासायला पाठवला. तपासणार कोण, तर लॅब. म्हणजे साडू. साहेब सर्जनला म्हणाले, "नुसत्या नंबरवर पाठवता येईल का?" सर्जन म्हणाला, बघतो. असं म्हणणारे डॉक्टर बघत नाहीत, हे एरवी साहेबांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांना विश्वास ठेवायचा होता.

घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. बायकोला कळलं की मेव्हणीला कळणार, मेव्हणीला कळलं की साडूला. आणि साडूने कीव केलेली त्यांना गाठीपेक्षा जड गेली असती. रिपोर्ट मंगळवारी मिळणार होता. साहेबांनी ऑफिसात मामेभावाच्या मुलीच्या लग्नाची रजा टाकली, घरी ऑफिसला जातो म्हणून सांगितलं, फोन बंद केला, तोंडाला मास्क आणि डोक्याला टोपी चढवली आणि आपल्याच हॉस्पिटलात लॅबबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. हॉस्पिटलात मास्क लावलेल्या माणसाकडे कोण पाहतं?

रात्रभर झोप नव्हती. गाठ वाईट निघाली तर बायकोला कसं सांगायचं, याची वाक्यं ते जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं. माणूस मनापासून घाबरला होता, हे सांगितलंच पाहिजे. बाकी त्याचं काहीही म्हणा.

मंगळवारी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सिस्टिम बंद आहे, उद्या या." बुधवारी सकाळी म्हणाली, "अजून बंद आहे, बसा."

बाकांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. साहेबांच्या शेजारी एक बस ड्रायव्हर होता, गणवेशातच आलेला, मांडीवर एक फुगलेली कापडी पिशवी. त्याच्या बायकोचा रिपोर्ट अडकला होता. ती वर वॉर्डात होती. तोही कालपासून येऊन बसला होता. दोन दिवस एकाच बाकावर काढले की माणसं बोलायला लागतात.

"तुमचं काय?" ड्रायव्हरने विचारलं.

"गाठ," साहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच कुणापुढे उच्चारला. उच्चारल्यावर जरा हलकं वाटलं.

"आमचं पण तसंच. पोटात. काल बाहेरगावचे मोठे सर्जन येऊन गेले. रिपोर्ट हातात असता तर त्यांनी बघितला असता. आता ते पंधरवड्याने येणार."

"अहो, ही लॅबच तसली," साहेब म्हणाले, आणि त्यांना एकदम हुरूप आला. भीतीला वाट मिळाली. "मी सांगतो ना तुम्हाला. इथल्या प्रमुखाला कामाची काडीची फिकीर नाही. सासऱ्यांनी डोक्यावर बसवून ठेवलेला माणूस."

"सासऱ्यांनी?" ड्रायव्हर गोंधळला.

"म्हणजे तसल्या लोकांना घरून असंच वळण असतं," साहेबांनी सावरून घेतलं. मग ते उभे राहिले. तक्रार कशी करायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तक्रारी उडवून लावल्या होत्या, त्यामुळे कुठली तक्रार उडवता येत नाही हे त्यांना नेमकं माहीत होतं. त्यांनी बाकांवरच्या लोकांना गोळा केलं, काउंटरवर हात आपटला आणि मास्कमधून गरजले, "सिस्टिमची कारणं नकोत. प्रमुखाला बाहेर बोलवा. लोकांच्या जिवाशी खेळ चाललाय." लोकांनी साथ दिली. एक म्हातारी काठी आपटत म्हणाली, "बरोबर बोलतोय हा बाबा." कुलूपसाहेबांना इतकी माणसं एकदम बरोबर म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

दार उघडून साडू बाहेर आले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्यांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, टोपीवाल्यापाशी ती क्षणभर थांबली, आणि मग ते शांतपणे बोलायला लागले.

"तुमचा राग बरोबर आहे. सोमवारी संध्याकाळी आमचा प्रोग्राम बिघडला. तो नव्याने चढवायला लागतो. त्यासाठी लागणारा ड्राइव्ह सर्व्हरवर एकच आहे आणि तो बिलिंग विभागाने धरून ठेवलाय. तो सुटला की आम्ही दोन तासांत रिपोर्ट देऊ."

"मग सोडायला सांगा की त्यांना," ड्रायव्हर म्हणाला.

"त्यांच्या साहेबांशिवाय कुणाला सोडता येत नाही. साहेब रजेवर आहेत. ऑफिसात विचारलं तर सांगतात लग्नाला गेलेत. आज घरी विचारलं तर सांगतात ऑफिसात आहेत. फोन बंद आहे. हॉस्पिटल चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना विशेष परवानगी मागितली, तर त्या विभागांमधल्या समन्वयावर भाषण द्यायला परगावी गेल्यात."

काउंटरभोवती सगळे एकदम बोलायला लागले. म्हातारीने त्या बिलिंगवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. एक बाई म्हणाली, असल्या माणसाला स्वतःला दुखणं आलं म्हणजे कळेल. ड्रायव्हर मात्र ओरडला नाही. तो साहेबांकडे वळून साध्या आवाजात म्हणाला, "एक माणूस लग्नात जेवत बसलाय आणि माझी बायको वर पडून आहे. काय करावं अशा माणसाचं? तुम्हीच सांगा, तुम्ही शिकलेले दिसता."

साहेबांनी मान हलवली. नुसती हलवली, कुठल्या बाजूला ते त्यांनाही कळलं नसतं. सोमवारी दुपारी निघताना त्यांनी तो ड्राइव्ह पाहिला होता. काम केव्हाच उरकलं होतं. हेडक्लार्कबाईंनी विचारलंही होतं, "सोडून देऊ का साहेब?" आणि ते म्हणाले होते, "राहू दे, उद्या आपल्याला लागला तर?" उद्या ते येणार नव्हते. तरीही ते तसंच म्हणाले होते.

म्हणजे आपला रिपोर्ट आपणच अडवून बसलोय. दोन रात्री जी तडफड केली, ती आपणच आपल्याला दिलेली. हे त्यांच्या डोक्यात शिरलं आणि ते गर्दीतून मागच्या मागे सटकले. "अहो, ऐका जरा," साडूंनी हाक मारली, पण त्यांनी ऐकली नाही.

स्वच्छतागृहात शिरून त्यांनी फोन चालू केला आणि आपल्याच विभागाचा नंबर लावला.

"बाई, मी बोलतोय. तो ड्राइव्ह सोडा. आत्ता."

पलीकडे हेडक्लार्कबाई होत्या. "कोण बोलतंय?"

"अहो मी, साहेब."

"आवाज तर साहेबांसारखाच काढलाय," बाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे नियम आहे. फोनवर काही सुटत नाही. साहेबांनी जातीने यायचं." आणि त्यांनी फोन ठेवला. खरंच ओळखलं नव्हतं, की ओळखून ठेवला, हे साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

टोपी खिशात कोंबून आणि मास्क उतरवून ते वर गेले. विभागात ते शिरले तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. त्यांच्याच खुर्चीवर तळघरातल्या सर्व्हरवाल्या बाई विणकाम घेऊन बसल्या होत्या.

"लग्न झालं का साहेब?" हेडक्लार्कबाईंनी विचारलं.

"झालं. लवकर उरकलं."

"आणि थेट इकडं? घरून वहिनींचे चार फोन आले. त्यांना लग्नाचं काही माहीत नव्हतं. आम्ही आपलं सांगून टाकलं."

साहेबांनी सर्व्हरवाल्या बाईंकडे पाहिलं. "तुम्हाला यजमानाकडून काढून घेता आला नसता? अशा अडचणीच्या वेळी?"

"आला असता की. एका मिनिटात." बाईंनी एक टाका घातला. "पण मला लेखी समज आहे. तुम्हीच मिळवून दिलेली. घरी फ्रेम करून लावलीय मी."

"माणसं खोळंबलीत खाली."

"माहीत आहे. कालपासून पाच वेळा जिना चढलेय मी तुमच्यासाठी. गुडघे गेले माझे." त्यांच्या आवाजात राग होता आणि त्या रागात समाधानही होतं. खालच्या माणसांचं त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण त्यांनाही कुठेतरी दोन दिवस तो नियम तंतोतंत पाळायला गोड लागलं होतं. नियमाने पोळलेला माणूस नियम पाळायला लागला की असा पाळतो. "बसा, सोडा."

साहेब बसले आणि त्यांनी पासवर्ड टाकला. पडद्यावर ड्राइव्हचं नाव आलं, आणि खाली कुठली सीडी उघडी आहे तेही. बाईंनी चष्मा सावरून वाकून पाहिलं.

"ही तर मागच्या वर्षीच्या दरांची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला यंदाचीच हवी होती ना? म्हणजे धरली तीही चुकीची."

मागे कुणीतरी खोकलं. साहेबांनी दोन बटणं दाबली. 'सोडला' असा शब्द आला आणि गेला. ना आवाज, ना काही. इतकी वर्षं जे पकडून ठेवायला ते जिवाचं रान करत होते, ते सुटताना काहीच झालं नाही.

ते पुन्हा खाली येऊन त्याच बाकावर बसले. मास्क पुन्हा लावला होता. ड्रायव्हरने सरकून जागा दिली. "कुठं गेला होतात? तो ड्राइव्ह सुटला म्हणे. आला वाटतं तो माणूस."

"आला," साहेब म्हणाले.

"बरं झालं. बाकीच्यांचं तरी होईल आता."

दुपारी प्रिंटर सुरू झाला. तो आवाज ऐकून म्हातारीने हात जोडले. एकेक नंबर पुकारला जाऊ लागला. कुणी कागद वाचून तिथंच रडलं, कुणी हसलं, कुणाला वाचता येईना म्हणून शेजाऱ्याला दिला. ड्रायव्हरचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने त्याला कागद दिलाच नाही. ती म्हणाली, "तुमचा रिपोर्ट डॉक्टरांकडे वर पाठवलाय. त्यांना भेटून घ्या." बाकावरच्या सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. ड्रायव्हरलाही कळला. तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला आणि हातातली पिशवी त्याने साहेबांच्या मांडीवर ठेवली.

"एवढी सांभाळा जरा. तिचे कपडे आहेत. आलोच मी."

साहेबांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली.

थोड्या वेळाने साडू आले आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेवर बसले.

"भाऊ, मास्क काढा आता," साडू म्हणाले. "सकाळीच आवाजावरून ओळखलं मी. नाव घेतलं असतं तर लोकांनी तुम्हाला जिवंत सोडलं नसतं."

साहेबांनी मास्क काढला नाही.

"साधी गाठ आहे. काही नाही त्यात. काढून टाकली की संपलं."

साहेबांच्या छातीतून एक श्वास असा बाहेर आला की मास्क फुगला. डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी येऊ दिलं, कारण ते येऊ न देण्याची ताकदच उरली नव्हती. "रिपोर्ट छापून आला?" त्यांनी विचारलं.

"तो येईल आता. पण तुमच्या तुकड्याची काच मी सोमवारीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती, प्रोग्राम बिघडायच्या आधी. बाटलीवर तुमचं नाव होतं. छापून निघाल्याशिवाय मला सर्जनला काही कळवता येत नाही. पण साडूला सांगता आलं असतं ना. सोमवारपासून फोन लावतोय तुम्हाला. ड्राइव्हसाठी नव्हे, यासाठी. लागतच नाही. ब्लॉक केलाय का मला?"

"हो," साहेब म्हणाले. एवढ्या वर्षांत ते साडूंशी पहिल्यांदाच खरं बोलले असावेत.

साडूंनी मान डोलावली. रागावले नाहीत. निदान तसं दिसलं नाही. "वहिनींना फोन करा. त्या आणि ही, दोघी रडताहेत घरी. लग्नाचं काय ते तुम्हीच निस्तरा," म्हणून ते उठले. दोन पावलं गेल्यावर त्यांनी वळून सांगितलं, "त्या ड्रायव्हरची काचही सोमवारीच तयार होती. त्यांना फोन करायला मी त्यांचा साडू नव्हतो."

ते आत गेले. साहेब तिथंच बसून राहिले. घरी फोन करायला हवा होता, पण हात मोकळे नव्हते. सुटलो, सुटलो, असं आत काहीतरी म्हणत होतं, आणि त्याच वेळी पिशवीतल्या कपड्यांचा साबणाचा वास नाकात येत होता.

ड्रायव्हर जिना उतरून आला. तो म्हणाला, "पंधरा दिवस थांबायला सांगितलंय. ते मोठे सर्जन येतील तेव्हा बघतील. रिपोर्ट काल असता तर कालच ऑपरेशनला घेतलं असतं म्हणाले." मग आठवण झाल्यासारखं त्याने विचारलं, "तुमचं काय निघालं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "साधी आहे."

"चला, चांगलं झालं," ड्रायव्हर मनापासून म्हणाला. "दोन दिवस घाबरला होतात तुम्ही. मी बघत होतो ना."

तो माणूस मी, हे तीन शब्द साहेबांच्या घशाशी आले. ते सांगण्यात आता कुठलाही नियम आडवा येत नव्हता. साहेबांनी तोंड उघडलं.

"पंधरा दिवस भुर्रकन जातील," ते म्हणाले.

ड्रायव्हरने पिशवीला हात घातला. ती हलेना. त्याने पुन्हा ओढली, मग वाकून साहेबांच्या बोटांकडे पाहिलं. पिशवीचे बंद त्यांनी मुठीत आवळून धरले होते.

"सोडा ना आता," तो हळूच म्हणाला, आणि त्याने त्यांचं एकेक बोट उकलून पिशवी काढून घेतली.